साखर, ब्राह्मी, मल्लखांब आणि बाईंचा फॉर्म

निदान कागदावर आलं आणि घरात उपायांची रांग लागली. आमच्या मुलाला (इथे त्याला सोहम म्हणू) एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता, उतावळेपणा) आहे असं पुण्याच्या बालविकासतज्ज्ञ मॅडमनी सांगितलं, तेव्हा तो तिसरीत होता. आम्ही सांगलीला परतायच्या आधी बातमी पोचली होती. मेहुण्यांनी होमिओपॅथीच्या डॉक्टरांचा नंबर पाठवला. शेजारच्या काकूंनी पुढच्या सुवर्णप्राशनाची तारीख सांगितली. माझी आई नरसोबाच्या वाडीला नवस बोलून मोकळी झाली. एका सहकाऱ्याने बोटांच्या ठशांवरून मेंदू ओळखणाऱ्यांचं माहितीपत्रक आणून दिलं. आणि एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत होतं, ते मला ऐकवायची कुणी संधी सोडत नव्हतं: "आधी त्याची साखर बंद करा."

मी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट आहे. उसाच्या रसाचं ब्रिक्स आणि पोल (त्यात विरघळलेलं किती, त्यातली साखर किती) काढणं, हंगामात तीन पाळ्यांत राबणं, हे माझं काम. त्यामुळे या सल्ल्यात थोडी गंमत होती आणि थोडा टोमणाही.

त्याआधी निदानाबद्दल दोन शब्द, कारण "मोबाईलमुळे झालंय" किंवा "लाडाने बिघडलाय" असं ऐकून ऐकून आमचेही कान किटले होते. रक्ताच्या कुठल्या एका तपासणीत हे दिसत नाही. घरच्यांसाठी एक फॉर्म, वर्गशिक्षिकेसाठी वेगळा. लक्ष न टिकण्याची नऊ लक्षणं, चंचलता आणि उतावळेपणाची नऊ. एका गटातली किमान सहा, सहा महिन्यांहून जास्त काळ, वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून, आणि एकाहून जास्त ठिकाणी दिसली पाहिजेत. फक्त घरात धिंगाणा आणि शाळेत शहाणा, असं असेल तर वेगळा विचार करावा लागतो. सोहम दोन्हीकडे सारखाच होता. शिवाय कान तपासले, डोळे तपासले, झोपेत घोरतो का विचारलं, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) करून घेतलं.

मॅडम म्हणाल्या, वय सहाच्या पुढे आहे, तेव्हा औषध आणि पालकांचं प्रशिक्षण दोन्ही बरोबरच सुरू करू. औषध म्हटल्यावर आमचे चेहरे उतरले. बायकोने सरळ विचारलं, "मॅडम, औषधाशिवाय काही?" मला वाटलं आता लेक्चर मिळणार. तसं झालं नाही. त्या म्हणाल्या, करून बघा, घाईने बिघडेल असं काही नाही. पण एका वेळी एकच गोष्ट करा. किती दिवस करायची ते सुरू करण्याआधीच ठरवा. दर महिन्याला वर्गशिक्षिकेकडून हा फॉर्म भरून घ्या, पण तेव्हा काय चालू आहे ते त्यांना सांगू नका. आणि मला मात्र सगळं सांगायचं, अगदी काढासुद्धा.

लॅबमध्ये आम्ही नमुन्यासोबत ब्लँक लावतो, म्हणजे यंत्राचा स्वतःचा आकडा आधी कळावा. मॅडम नेमकं तेच सांगत होत्या. फॉर्म व्हँडरबिल्ट नावाचा होता: पहिले अठरा प्रश्न, 'कधीच नाही'ला शून्य, 'नेहमी'ला तीन. बाईंना म्हटलं, डॉक्टरांना दर महिन्याला हवा आहे. त्यांच्या वर्गात पन्नासच्या वर मुलं, तरी त्यांनी एकदाही कुरकूर केली नाही. पहिल्या फॉर्मची बेरीज ४१ आली, चोपन्नपैकी.

सुरुवात साखरेपासून केली, कारण ती घरातल्या प्रत्येकाच्या तोंडी होती. दिवाळीला सभासदांची सवलतीची साखर घरात पोत्याने येते, त्या घरात मुलाला बिनसाखरेचं दूध. आठवड्याभरात घरात युद्ध पेटलं. मी वाचत बसलो, तर मौज अशी की ज्या मार्क वोलरिच या अमेरिकी बालरोगतज्ज्ञाने तो व्हँडरबिल्ट फॉर्म बांधला, त्यानेच साखरेचा प्रश्नही धसास लावला होता. १९९४ साली त्याच्या गटाने काही कुटुंबांचं सगळं अन्न स्वतः पुरवलं: तीन आठवडे भरपूर साखरेचं, तीन आठवडे अ‍ॅस्पार्टेमचं, तीन आठवडे सॅकरिनचं (ही दोन्ही साखरेऐवजी गोडी आणणारी रसायनं). कुठल्या आठवड्यात काय, हे आईबापांनाही माहीत नाही आणि मुलं तपासणाऱ्यांनाही नाही. त्यात "आमच्या मुलाला साखर बाधते" असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांची मुलंही होती. वागण्यात फरक निघाला नाही. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका प्रयोगात काही आयांना सांगितलं की तुमच्या मुलाला आत्ता साखर दिली आहे. प्रत्यक्षात दिली नव्हती. त्या आयांना आपली मुलं जास्त चंचल दिसली, आणि त्या मुलांना जास्त टोकतही होत्या.

हे वाचल्यावर मला राहवलं नाही. एका शनिवारी आईला म्हटलं, "आज शाळेत वाढदिवस होता, दोन तुकडे केक हाणलाय त्यानं." केकबिक काही नव्हता. संध्याकाळी आई ओट्याशी भाकरी थापता थापता म्हणाली, "बघ, कसा उधळलाय बघ. मी सांगत हुते." पोरगं नेहमीइतकंच उधळलेलं होतं. आईला खरं सांगायची हिंमत मला अजून झालेली नाही. साखर परत सुरू केली, अर्थात दातांचा आणि पोटाचा विचार करून, एरवी कुठल्याही मुलाला द्यावी तितकीच.

रंगांचं प्रकरण मात्र मी तितकं हसण्यावारी नेणार नाही. १९७०च्या दशकात बेंजामिन फाइनगोल्ड या सॅन फ्रान्सिस्कोच्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञाने खाण्याचे कृत्रिम रंग आणि चंचलपणा यांचा संबंध जोडला, तेव्हा त्याचे दावे फारच मोठे होते आणि पुढच्या चाचण्यांत बरेचसे गळून पडले. पण २००७ साली इंग्लंडमध्ये साउदम्प्टनच्या संशोधकांनी साध्या, निदान नसलेल्या मुलांना, तीन वर्षांच्या आणि आठ-नऊ वर्षांच्या, रंग आणि सोडियम बेंझोएट (पदार्थ टिकवणारं रसायन) घातलेला रस दिला, तेव्हा सरासरीने थोडी चंचलता वाढलेली दिसली. थोडीच. तरी युरोपने २०१० पासून त्या प्रयोगातल्या सहा रंगांच्या पदार्थांवर मुलांच्या लक्षावर परिणाम होऊ शकतो असा इशारा छापायला लावला. त्या सहांतले चार आपल्याकडे परवानगी असलेल्या यादीत आहेत: टारट्राझिन, सनसेट यलो, कारमॉयसिन, पाँसो ४आर. बहुतेक पदार्थांत किलोला १०० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. पाकिटावर १०२, ११०, १२२, १२४ हे आकडे शोधायचे. पण यात्रेतल्या बोबीवर आणि शाळेसमोरच्या गारेगारवर आकडे कोण छापणार? दहा बोटांत दहा पिवळ्याधमक बोब्या घालून एकेक कुरतडायची, हा सोहमचा जत्रेतला परमानंद. तो बंद केला. महिनाअखेरीस बाईंचा आकडा ४०. म्हणजे हललाच नाही असं समजा. तरीही रंग बंदच ठेवले आहेत, कारण त्यात गमावण्यासारखं काही नाही.

आयुर्वेदाकडे आम्ही श्रद्धेने गेलो, आणि वैद्यही सज्जन भेटले. पुष्य नक्षत्राला, म्हणजे साधारण सत्तावीस दिवसांनी, दवाखान्याबाहेर सुवर्णप्राशनासाठी आयांची रांग लागते. मध, तूप, सुवर्णभस्म यांचा थेंब जिभेवर. काश्यप संहितेतला संस्कार आहे, नवजात बाळापासून देतात. (वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, त्यामागे बॉट्युलिझमची भीती असते. रांगेत तान्ही बाळंही होती, म्हणून सांगतो.) मला काळजी सोन्याची नव्हती, भस्म म्हटल्यावर सोबत काय येतं त्याची होती. २००८ साली अमेरिकेत इंटरनेटवरून विकत घेतलेल्या आयुर्वेदिक औषधांचं पृथक्करण झालं, तेव्हा दर पाचातल्या साधारण एकात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. आणि शिसं म्हणजे मुलांच्या लक्षावरच घाला घालणारी धातू. ज्या दुखण्यावर उपाय शोधतोय तेच वाढवायचं का? वैद्यबुवांना मी हे विचारलं. ते चिडले नाहीत. म्हणाले, "तुम्ही केमिस्ट, तुमची शंका रास्त आहे. भस्म नको, नुसती ब्राह्मी घ्या."

मग ब्राह्मी. त्यातही एक घोळ निघाला. आमच्या कुंडीत आईने लावलेली, गोल किडनीसारख्या पानांची, ती मंडूकपर्णी. बाटलीत होती ती जलब्राह्मी, बारीक मांसल पानांची, वेगळ्याच कुळातली. दोघींना आपल्याकडे ब्राह्मीच म्हणतात आणि अभ्यास बहुतेक दुसरीवर झालेत. ऑस्ट्रेलियात ६ ते १४ वयाच्या मुलग्यांवर चौदा आठवड्यांची नीट चाचणी झाली, २०२२ मध्ये छापून आली. वागण्यातल्या चंचलतेत आणि लक्षात ब्राह्मी आणि नकली गोळी यांच्यात फरक दिसला नाही, एकदोन बौद्धिक चाचण्यांत थोडा दिसला. आमच्याकडे दोन महिने चालली. आईला फरक वाटला, बायकोला 'थोडा' वाटला, बाईंच्या फॉर्मला वाटला नाही.

सारस्वतारिष्टाची बाटली मात्र मी हातात घेतली आणि हसलो. लेबलवर आपोआप तयार झालेलं अल्कोहोल पाच ते दहा टक्के. मध-साखर, धायटीची फुलं, बंद भांडं आणि महिनाभराचा धीर: आमच्या कारखान्याच्या डिस्टिलरीत मळीचं जे होतं तेच. चमचाभर मात्रेत ते नगण्य असतं हे खरं. तरी मी ती बाटली परत केली.

होमिओपॅथीवाल्या डॉक्टरांनी तासभर प्रश्न विचारले. झोपताना कुठल्या कुशीवर, थंडी आवडते का, अंधाराला घाबरतो का, राग आल्यावर काय फेकतो. बायको परत येताना रिक्षात म्हणाली, "पहिल्यांदाच कुणी इतकं ऐकून घेतलं हो." ते खरं होतं, आणि त्या तासाची किंमत मी कमी लेखत नाही. गोळ्या एप्रिलच्या शेवटी सुरू झाल्या. मे महिना असा गेला की आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. भांडणं नाहीत, आदळआपट नाही, सकाळी उठल्यावर दप्तर-डबा-बूट हा तमाशा नाही. मेहुण्यांनी फोन करून श्रेयही घेतलं. जूनच्या पंधरा तारखेनंतर शाळा सुरू झाली आणि चौथ्या दिवशी डायरीत शेरा आला.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मे महिन्यात कुठलाही उपाय लागू पडतो! शाळा नाही, गृहपाठ नाही, आमराईत दिवसभर हुंदडायला मोकळीक, आणि गळीत हंगाम संपलेला असल्यामुळे माझी रात्रपाळी नाही. हंगामात मी दिवसा झोपतो, तेव्हा घरात सगळे सोहमला "गप, पप्पा झोपलेत" म्हणून दटावत असतात. त्याची चंचलता तीच असते, दटावणं दुप्पट होतं. घरच्या फॉर्ममधले आकडे मी महिन्यांवर मांडले तर त्यांचा आलेख त्याच्या औषधांशी जुळत नव्हता, माझ्या पाळ्यांशी जुळत होता. होमिओपॅथीच्या या दुखण्यावरच्या चाचण्यांचा कॉक्रेनने (जगभरच्या वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या संस्थेने) २००७ मध्ये आढावा घेतला होता, त्यातही परिणामाचा पुरावा आढळला नव्हता.

नवस, अंगारा, दृष्ट काढणं हे सगळं समांतर चालूच होतं. त्याला मी प्रयोगात धरलं नाही. मीठ-मोहरी-मिरच्यांच्या खकाण्याने सगळ्यांना ठसका लागायचा, एवढाच त्याचा दुष्परिणाम. उलट वाडीला पालखीच्या वेळी कृष्णेच्या घाटावर पोरगं मला आश्चर्य वाटावं इतकं शांत उभं राहायचं.

ठशांवरून मेंदू ओळखणाऱ्यांकडे आम्ही गेलो नाही. मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनेच त्याला शास्त्रीय आधार नाही असं जाहीर केलेलं आहे. 'मिडब्रेन' जागा करून डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवणाऱ्या क्लासचं प्रात्यक्षिक मात्र बघितलं. सोहमनेच भर सभेत ओरडून सांगितलं, "पप्पा, तो नाकाकडनं बघतोय!" एडीएचडीतला उतावळेपणा प्रत्येक वेळी वाईट नसतो. पुण्यात न्यूरोफीडबॅकची चौकशी केली: डोक्याला इलेक्ट्रोड, पडद्यावर गेम, तीस-चाळीस बैठका, आणि प्रत्येक बैठकीला आमच्या दोघांच्या रजा आणि गाडीखर्च. मॅडमनी एवढंच सांगितलं की अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत खोट्या न्यूरोफीडबॅकनेही मुलं तितकीच सुधारली. विषय तिथेच संपला.

मासळीच्या तेलाचं आमच्या घरात वेगळंच नाट्य. आई माळकरी. घरात अंडंही येत नाही. त्या तेलातलं ओमेगा-३ हवं म्हटल्यावर तिने जवसाची चटणी सुरू केली, आणि ती चटणी फर्मास होती यात शंका नाही. पण जवसातलं ओमेगा-३ वेगळ्या प्रकारचं, आपल्या शरीरात त्याचं ईपीए-डीएचए (मासळीत असतं ते ओमेगा-३) फार थोडं बनतं. मग शेवाळापासून काढलेल्या डीएचएच्या गोळ्या मागवल्या. शेवाळ म्हणजे वनस्पतीच, असं आईला पटवलं. ओमेगा-३ च्या अभ्यासांत पूर्वी थोडासा फायदा दिसायचा, औषधाच्या तुलनेत बराच कमी, आणि कॉक्रेनच्या २०२३ च्या आढाव्यात तोही फारसा टिकला नाही. आमच्या फॉर्ममध्येही टिकला नाही.

आता ज्याने खरंच फरक पडला त्याकडे येतो. गंमत म्हणजे यातलं काहीच कुणी नातेवाइकांनी सुचवलं नव्हतं.

पहिलं लोह. सोहमचं हिमोग्लोबिन जेमतेम बरं होतं, पण फेरिटिन फक्त ९ आलं. फ्रान्समध्ये २००४ साली एडीएचडीच्या मुलांत फेरिटिन कमी आढळलं होतं, तेव्हापासून डॉक्टर ते बघतात. रात्री झोपेत त्याचे पाय सारखे वळवळायचे, मधल्या रात्री आडवातिडवा होऊन आजीला लाथा घालायचा, ते आम्ही स्वभावाच्या खात्यात टाकलं होतं. मॅडमनी विचारलं, "सकाळी नाश्त्याला काय?" बायको म्हणाली, "चहा-चपाती." आमच्या भागात अर्ध्या मुलांचा नाश्ता तोच. चपाती चहात बुडवून खायची आणि उरलेला चहा बशीतून भुरकायचा. चहातलं टॅनिन चपातीतलं लोह पोटातच धरून ठेवतं. तर चहा बंद, जेवणासोबत लिंबू किंवा आवळा, आणि लोहाचं सिरप. सिरपने दात काळवंडतात म्हणून स्ट्रॉने प्यायचं, शौच काळी होते म्हणून घाबरायचं नाही, हे आधीच सांगितलं होतं. तीन महिन्यांत पाय शांत झाले, झोप सलग झाली. बाईंचा आकडा ३६ वर आला. कमतरता नसताना लोह देणं धोक्याचं असतं, हेही मॅडमनी बजावलं होतं, म्हणून साठा भरल्यावर सिरप थांबवलं.

दुसरा मल्लखांब. त्यात ना माझा हात, ना मॅडमचा. गल्लीतल्या तालमीत मोठी पोरं संध्याकाळी मल्लखांब करायची, सोहम गजांना लटकून बघत बसायचा. वस्ताद म्हणाले, आत ये. पहिले काही दिवस फक्त खांबाला एरंडेल चोळायचं काम. हातभर, चिकट, उग्र वासाचं तेल, सागवानी खांबाच्या अंगावर वरून खाली, मग उरलेलं स्वतःच्या मांड्यांना. मग साधी अढी: दोन्ही हातांनी खांब धरायचा, उडी मारून पाय वर, अंगठ्याची पकड, डोकं खाली. लक्ष हललं की घसरून खाली आपटतो. कुणी ओरडायला लागत नाही, खांबच सांगतो. शाळेत चाळीस सेकंद एका जागी न बसणारं पोरगं आपल्या पाळीची वाट बघत रांगेत उभं राहायचं. मी ते बघायला पाळी बदलून जायचो.

व्यायामाने एडीएचडी जातो असं कुणी म्हणत नाही. पण २०१३ साली अमेरिकेत एका छोट्या अभ्यासात वीस मिनिटांच्या व्यायामानंतर या मुलांचं वाचन-गणित थोडा वेळ चांगलं झालेलं दिसलं, आणि आम्ही त्याचा सरळ फायदा उठवला. तालमीतून आल्या आल्या, हातपाय धुऊन, अंगाला एरंडेलाचा वास असतानाच गृहपाठ. जेवणानंतरच्या दीड तासाच्या रडारडीत जे होत नसे, ते पाऊण तासात व्हायला लागलं. योगाचा क्लासही लावून बघितला होता. सूर्यनमस्कार त्याला आवडले, कारण मोजता येतात. त्राटकात मेणबत्तीकडे टक लावायला सांगितल्यावर त्याने ती फुंकून विझवली.

तिसरी चिंचोक्यांची बरणी. तिला पर्यायी उपचार म्हणता येणार नाही, पालकांच्या प्रशिक्षणाचाच तो भाग, आणि सगळ्यात जास्त घाम त्याने काढला. तोही सोहमचा नाही, आमचा. एका वेळी एकच सूचना. स्वयंपाकघरातून ओरडून नाही, जवळ जाऊन, खांद्याला हात लावून. काम झालं की लगेच एक चिंचोका बरणीत, संध्याकाळी मोजणी, ठरल्याइतके झाले की पप्पांशी अंगणात क्रिकेट. मिळालेला चिंचोका कधीही काढून घ्यायचा नाही, हा आमच्या मॅडमचा दंडक. बायको पंधरवड्यात तरबेज झाली. मला "सांगितलेलं कळत नाही का" हे वाक्य गिळायला बराच काळ लागला. आईने एकदा स्वतःच्या खात्यातून गुपचूप पाच चिंचोके टाकले, ते सोहमनेच चाणाक्षपणे पकडून दिले.

या तिन्हींनी मिळून बाईंचा आकडा तीसच्या आसपास आणला आणि तिथे तो थांबला. वर्षभराचे फॉर्म घेऊन आम्ही पुण्याला गेलो. मॅडमनी ते टेबलावर ओळीने मांडले आणि बराच वेळ बघितले. म्हणाल्या, चंचलता उतरलीय, लक्षाचे नऊ प्रश्न बघा, जवळजवळ जागचे हललेले नाहीत. तो आता चौथीत आहे, वाक्य अर्ध्यावर सोडतो, बेरजेतला हातचा विसरतो, आणि स्वतःला 'ढ' म्हणवून घ्यायला लागलाय. हे शेवटचं बाईंनी फॉर्मच्या मागे पेन्सिलीने लिहिलं होतं.

औषध सुरू करायचं ठरलं. मिथाइलफेनिडेट. १९४४ साली तयार झालेलं जुनं रसायन. मुलांवरच्या मोठ्या अमेरिकी अभ्यासात, १९९९ साली छापलेल्या, ५७९ मुलांवर चौदा महिने, मूळ लक्षणांवर नुसत्या वर्तनोपचारापेक्षा औषधाचा परिणाम जास्त दिसला, आणि औषधासोबत पालकांचं प्रशिक्षण असलेल्या गटाला कमी मात्रा पुरली. तीन वर्षांनंतर मात्र गटांमधला हा फरक उरला नव्हता, हेही मॅडमनीच सांगितलं. आधी कुटुंबात कुणाला लहान वयात हृदयाचा त्रास होता का विचारलं, नाडी, रक्तदाब, उंची, वजन नोंदवलं.

मग दुकानं. हे औषध शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे विक्रीवर कडक नियम असलेल्या औषधांच्या यादीत येतं. चिठ्ठीच्या दोन प्रती लागतात, एक दुकानदार दोन वर्षं जपून ठेवतो, आणि त्यासाठी वेगळा परवाना असतो, त्यामुळे कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये ते नसतंच. सांगलीत दोन ठिकाणी नकार मिळाला. तिसऱ्याने चिठ्ठी बघून मला आपादमस्तक न्याहाळलं. शेवटी मिरजेत एका मोठ्या दुकानात मिळालं. आईने डबी हातात घेऊन विचारलं, "गुंगीचं हाय का रं?" नाही म्हटलं. गुंगी येत नाही, उलट झोप लागायला उशीर होतो, म्हणून सकाळीच द्यायचं.

बाईंना याही वेळी सांगितलं नाही. महिन्याने फॉर्म आला: १९. मागे पेन्सिलीने, "यंदा मुलगा मन लावून ऐकतो. काही विशेष केलंत का?" तेव्हा सांगितलं.

सगळं गुळगुळीत झालेलं नाही. दुपारचा डबा अर्धा परत येतो, म्हणून सकाळी गोळीआधी भरपेट खाऊ घालतो आणि रात्री उशिरा दूध-केळं. औषध उतरतं तेव्हा साडेपाचच्या सुमारास तो चिडचिडा होतो. त्या वेळेला तो तालमीत असतो, आणि खांब त्याची चिडचिड मनावर घेत नाही. ब्राह्मी बंद, डीएचए बंद, बोब्या बंद, चहा बंद. जवसाची चटणी चालू आहे, पण ती चवीसाठी. वाडीच्या फेऱ्याही चालू आहेत. चिंचोक्यांचा दर सोहमने वाटाघाटी करून वाढवून घेतलाय.

ओळखीतून आता फोन येतात. परवाच इस्लामपूरहून एका बाईंचा आला, मुलगी सात वर्षांची, कुणीतरी हजारोंची पावडर सांगितलेली. मी त्यांना घ्या किंवा घेऊ नका काहीच म्हटलं नाही. फेरिटिन केलंय का, रात्री झोप कशी आहे, आणि वर्गशिक्षिका महिन्याला एक पान भरून देतील का, एवढं विचारलं. पावडर घ्यायचीच असेल तर पहिला फॉर्म ती सुरू करायच्या आधी भरून घ्या आणि मे महिन्यात सुरू करू नका, असं सांगितलं. मे महिन्याचं त्यांना लगेच कळलं नाही, मग माझ्या पाळ्यांसकट सगळं सांगत बसलो.

हंगाम संपला की पुण्याची तारीख आहे. या सुट्टीत औषध थोडे दिवस थांबवून बघायचं का, हा मॅडमचा प्रश्न. उंची वर्षात पुरेशी वाढली की नाही, हा बायकोचा. माझ्याकडे फॉर्मची फाईल. आणि आईने मला दोनदा बजावून ठेवलंय, गोळीवर मोरावळा चालतो का, तेवढं विचारून ये.